क्लाइंबर व्हायचंय की गाइड? आधी ते ठरवा

सह्याद्रीत दोन-तीन वर्षं वीकेंडला फिरलं, एकदा हिमालयातला रूपीन पास किंवा हम्ता केला की बऱ्याच पोरापोरींच्या डोक्यात येतं की आता नोकरी सोडावी आणि डोंगरातच करिअर करावं. मीही त्यातलाच, त्यामुळे कुणाला येडा म्हणणार नाही. पण मला कुणी विचारलं की मी आधी एकच प्रश्न विचारतो, तुला स्वतःला चढायचंय की दुसऱ्याला चढवायचंय? कारण हे दोन पूर्ण वेगळे धंदे आहेत आणि पहिल्यात जवळपास पैसेच नाहीत.

अल्पाइन क्लाइंबिंग म्हणजे दोघं-तिघं, पाठीवर जेवढं मावेल तेवढं सामान, आधी लावून ठेवलेले फिक्स रोप नाहीत, ऑक्सिजन नाही, शेर्पा नाहीत, खालून निघायचं आणि वर जाऊन परत यायचं. यातलं जगातलं मोठं नाव मिक फाउलर. या माणसाने इंग्लंडच्या टॅक्स खात्यात नोकरी केली आणि वर्षाची सुट्टी साठवून साठवून हिमालयात नवीन रूट केले. आपल्या हिमाचलमधल्या शिवा शिखराची धार त्याने पॉल रॅम्सडेनबरोबर 2012 मध्ये चढली आणि 2013 ला त्यासाठी पिओले द'ओर घेतला, म्हणजे या खेळातला सगळ्यात मानाचा पुरस्कार. गाइड नव्हता तो, टॅक्सवाला होता! मला तरी हे उदाहरण फार कामाचं वाटतं. गाइड झाल्यावर मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर, म्हणजे नेमका चढायचा सीझन, तुम्ही लोकांना घेऊन ठरलेल्या त्याच वाटेने वर-खाली करत असता, स्वतःच्या क्लाइंबला वेळच उरत नाही. सुट्टी देणारी बरी नोकरी असेल आणि फक्त चढायची हौस असेल तर ती सोडू नका असं मी स्पष्ट सांगतो, लोकांना आवडत नाही ते सोडा.

ठीक आहे, तरी गाइडच व्हायचंय. मग कोर्सपासून सुरुवात. उत्तरकाशीचं नेहरू इन्स्टिट्यूट (निम), दार्जिलिंगचं हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट (एचएमआय), मनालीचं अटलबिहारी वाजपेयी इन्स्टिट्यूट आणि पहलगामचं जवाहर इन्स्टिट्यूट, ही मोठी सरकारी ठिकाणं. क्रम असा की बेसिक, मग अॅडव्हान्स, मग मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन म्हणजे एमओआय, आणि शिवाय सर्च अँड रेस्क्यू. बेसिकला ए ग्रेड मिळाली तरच अॅडव्हान्सला बसता येतं, त्यामुळे "नुसतं पूर्ण करू" या हिशोबाने जाऊ नका. बेसिक साधारण चार आठवड्यांचा असतो. निमला आधी टेकलाच्या कातळावर रॉक क्राफ्ट, मग भुक्की-तेल-गुज्जर हट करत डोकरियानी बामक या हिमनदीवर बेस कॅम्प आणि तिथे बर्फ. खरी परीक्षा बर्फावर नसते तर लोड फेरीत असते, जड सॅक घेऊन, दम लागलेला, आणि तरी टेंटमधल्या दोस्तांशी नीट बोलता येतंय का. इन्स्ट्रक्टर तेच बघतात. मुलींसाठी वेगळी बॅचसुद्धा असते, पण मिक्स बॅचला गेलात तरी काही अडत नाही.

आपल्याकडच्या पोरांचा कातळ चांगला असतो हे मान्यच. तैलबैला, वानरलिंगी, लिंगाणा, नागफणी केलेल्या माणसाला रोप, अँकर (रोप अडकवायची पक्की जागा), बिले (चढणाऱ्याचा रोप धरून त्याला सांभाळणं), जुमारिंग (रोपवरून वर चढणं) हे हाताला बसलेलं असतं. पण बसाल्टवरचं क्लाइंबिंग बऱ्यापैकी ठरलेल्या बोल्टवर चालतं आणि बर्फात तुमचा अँकर सकाळी पक्का आणि दुपारी ऊन लागलं की ढिला. दुसरं म्हणजे बर्फात चालणं ही वेगळीच विद्या आहे. क्रॅम्पॉन म्हणजे बुटाखालचे खिळे गेटरमध्ये, म्हणजे पोटरीवरच्या कव्हरमध्ये, अडकून माणूस पडतो, मग आइस अॅक्सने सेल्फ अरेस्ट, म्हणजे घसरताना स्वतःला थांबवणं, आपोआप झालं पाहिजे, विचार करून नाही. उलटं पण सांगतो, सह्याद्रीने जे शिकवलंय ते तिकडे कुणाला माहीत नसतं. उन्हात पाणी कसं पुरवायचं, घसाऱ्यावर ग्रुप कसा उतरवायचा, आग्या मोहोळाखाली आवाज आणि परफ्यूम बंद ठेवायचा, मोहोळ उठलं तर रोपवर लटकलेल्याला आधी काढायचं. जानेवारीतला एखादा क्लाइंब ठरवताना मी आधी मोहोळं कुठे आहेत ते विचारतो, ग्रेड नंतर.

आता माणसं. गाइडचं नव्वद टक्के काम इथेच आहे आणि कोर्समध्ये ते जेमतेम शिकवतात. हिमालयात क्लायंट डोकेदुखी लपवतो. पैसे भरलेत, ऑफिसमध्ये सांगून आलाय, फोटो टाकायचेत, त्यामुळे "बरं वाटतंय का" विचारलं की "एकदम मस्त" हेच उत्तर येतं. मी ते विचारणंच सोडलंय. रात्री ताटात किती टाकलं ते बघतो, सकाळी टेंटमधून सगळ्यात शेवटी कोण निघतंय, लेस बांधायला कुणाला वेळ लागतोय, काल बोलका असलेला आज गप्प का. 3000 मीटरच्या वर रोज झोपायची उंची 300 ते 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक विश्रांतीचा दिवस द्यावा हा नियम पुस्तकात सगळेच वाचतात, पण पाच दिवसांच्या पॅकेजमध्ये तो बसत नाही, आणि तिथे तुम्हाला कंपनीशी भांडावं लागतं. बसल्या जागी दम लागतोय, खोकल्यातून गुलाबी फेस येतोय तर हेप, म्हणजे उंचीमुळे फुप्फुसात पाणी. सरळ रेषेत चालता येत नाहीये, बडबड करतोय तर हेस, म्हणजे उंचीमुळे मेंदूला सूज. दोन्हीत उपाय एकच, खाली. लगेच, रात्र असली तरी. डायमॉक्स आणि डेक्सा ही औषधं, ऑक्सिजन, हे सगळं खाली नेतानाचे टेकू. आणि सल्फाची अॅलर्जी आहे का हे डायमॉक्स द्यायच्या आधी विचारायचं, नंतर नाही. वाइल्डरनेस फर्स्ट रिस्पॉन्डरचा, म्हणजे दवाखान्यापासून लांब प्रथमोपचार करायचा, कोर्स करा, अॅडव्हान्सच्याही आधी केलात तरी चालेल, माझं मत विचाराल तर नवीन गाइडला पहिलं काम त्यानेच मिळतं.

परत फिरवणं हे वेगळं कौशल्य. समिट दोनशे मीटरवर दिसतंय, वेळ ठरली होती सकाळी अकराची, साडेअकरा झालेत, आणि समोर माणूस रडतोय. अशा वेळी तिथे उभं राहून समजावायला लागलात तर हरलात. वेळ आदल्या संध्याकाळी सगळ्यांसमोर बोलून ठेवायची, मग वर फक्त घड्याळ दाखवायचं.

धोक्याबद्दल गोड बोलून उपयोग नाही. 4 ऑक्टोबर 2022 ला द्रौपदी का डांडा-2 वर निमच्या अॅडव्हान्स कोर्सच्या टीमवर अॅव्हलांच आला, तेव्हा 27 मृतदेह मिळाले, दोघं सापडले नाहीत. त्यात इन्स्ट्रक्टर सविता कंसवाल होती, जिने त्याच वर्षी मे महिन्यात 16 दिवसांत एव्हरेस्ट आणि मकालू केलं होतं. म्हणजे अनुभव असला की वाचतो असं काही नसतं. 30 ते 45 अंशाचा उतार, ताजा बर्फ, वारा, वाढणारं ऊन, हे समीकरण प्रत्येक सीझनला नव्याने शिका. ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा सिग्नल पकडणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं हे तिन्ही जवळ असेल आणि वापरता येत असेल तरच उपयोग, कारण गाडलेल्या माणसासाठी पहिली 10-15 मिनिटंच असतात, तेवढ्यात बाहेरून कुणी पोचत नाही.

फ्रान्समध्ये शामोनीच्या गाइडांनी 1821 मध्ये आपली कंपनी काढली, त्याच्या आदल्या वर्षी माँ ब्लांवर तीन गाइड मेले होते. नियम, कामाची पाळी आणि मेलेल्यांच्या घरच्यांसाठी फंड, सगळं तिथून सुरू झालं. आपल्याकडे बहुतेक पोरं फ्रीलान्स आहेत, दिवसावर पैसे, पावती नाही. तुमची टर्म पॉलिसी, मेडिक्लेम आजच काढून वाचा, अॅडव्हेंचर स्पोर्ट्स वगळलेत का ते बघा. आणि कंपनीला पहिल्याच फोनवर विचारा की स्टाफचा इन्शुरन्स आहे का, किती उंचीपर्यंत आहे. उत्तर गुळमुळीत आलं तर समजून जा.

पैशाचं खरं गणित असं की रोजी-रोटी चालण्याच्या ट्रेकवर चालते, टेक्निकल शिखरावर नाही. वर्षाची मांडणी साधारण अशी बसते: मे-जून उत्तराखंड-हिमाचल, जुलै-ऑगस्ट लडाख (तिथे पाऊस फारसा पोचत नाही), सप्टेंबर-ऑक्टोबर परत उत्तराखंड किंवा नेपाळ, आणि डिसेंबर ते फेब्रुवारी सह्याद्रीत क्लाइंबिंग, रॅपलिंग, शाळांचे कॅम्प. एकाच रूटवर पोट ठेवू नका. 2018 ला उत्तराखंड हायकोर्टाने बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली आणि रूपकुंडवर जगणाऱ्यांचा सीझनच गेला. लडाखमधलं स्टोक कांगरी शिखर 2020 पासून बंद झालं, तिथले सगळे कांग यात्से आणि झो जोंगो या शिखरांकडे वळले.

आणखी एक, जे कुणी सांगत नाही. कंपन्यांमध्ये पुण्या-मुंबईचा पोरगा "ट्रेक लीडर" आणि सांक्री किंवा उत्तरकाशीचा माणूस "लोकल गाइड" असतो. पगार कुणाला जास्त ते तुम्हीच विचारा, पण वाट, नाला, ढग हे त्यालाच जास्त कळतं. त्याचं ऐका, सगळ्यांसमोर ऐका, त्याला भाईजी म्हणा, किचनमध्ये बसा. क्लायंटला घरचं वाटेल असं बोलणं आणि कागदपत्रं सांभाळणं ही तुमची बाजू, डोंगर त्याची.

परदेशात, म्हणजे आल्प्ससारख्या ठिकाणी, माउंटन गाइड म्हणून काम करायचं असेल तर आयएफएमजीए या माउंटन गाइडांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा बॅज लागतो. ही संघटना 1965 ची, नेपाळचा संघ 2012 मध्ये तिचा सदस्य झाला. त्यात रॉक, बर्फ आणि अल्पाइनबरोबर स्कीइंगही येतं आणि आपली गाडी बहुधा तिथेच अडते, म्हणून विशीत असाल तर एक हिवाळा गुलमर्ग किंवा औलीला घालवा. कित्येक वर्षांचं आणि खूप खर्चाचं काम आहे, कर्ज काढून करू नका.

या वर्षी सुरुवात करायची असेल तर जवळच्या क्लबमध्ये जा, गिरिविहार, गिरिप्रेमी, चक्रम, जे जवळ पडेल ते, आणि दोन सीझन फुकट रोप उचला. बेसिकचा फॉर्म लवकर भरा, सीट महिनोन् महिने आधी भरतात. घरच्यांना मेडिकल सर्टिफिकेटची सही होण्याआधी सांगा, नंतर नाही. आणि कोर्सला कोरे बूट घालून जाऊ नका प्लीज.