अंतराळ दुर्बिणींच्या नोंदींवर पहिला प्रकल्प: एम ६७ घ्या

एमएस्सीचा प्रकल्प ताऱ्यांवर करायचाय पण हाताशी दुर्बीण नाही, ही अडचण आता उरलेली नाही. गाया, टेस, आपला ॲस्ट्रोसॅट या अंतराळ दुर्बिणींच्या नोंदी फुकट उतरवून घेता येतात. साधा लॅपटॉप, पायथॉन आणि टॉपकॅट (सारण्या हाताळणारं मोफत सॉफ्टवेअर) एवढ्यावर काम सुरू होतं. गाडी अडते ती पुढे, कोणते तारे ठेवायचे आणि कोणते गाळायचे हे ठरवताना. प्रकल्पाचं उत्तर बहुतेक वेळा तिथेच ठरून जातं.

पहिल्यासाठी एम ६७ हा तारकागुच्छ निवडावा. तो कर्क राशीत, पुष्यातल्या एम ४४ पासून साधारण ८ अंश दक्षिणेला आहे. वय सुमारे ४ अब्ज वर्षं, जड मूलद्रव्यांचं प्रमाण जवळपास सूर्याइतकंच, अंतर साधारण ८५० पार्सेक (१ पार्सेक म्हणजे सुमारे ३.२६ प्रकाशवर्षं). वाटेतली धूळही नगण्य, ई(बी−व्ही), म्हणजे धुळीमुळे रंगात येणारी लाली, ०.०४ च्या आसपास. कृत्तिका ओळखीच्या असल्या तरी नवख्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये. त्या आकाशात कित्येक अंश पसरल्यात. बंदिस्त गुच्छांच्या (लाखो ताऱ्यांच्या गोलाकार गुच्छांच्या) गाभ्यात तर तारे इतके दाटीने असतात की गायाचे रंगही भरवशाचे राहत नाहीत.

गायाच्या आर्काइव्हमधून डीआर३ ची (तिसऱ्या प्रकाशनाची) मुख्य सारणी घ्या. केंद्र विषुवांश १३२.८५ अंश, क्रांती +११.८१ अंश, त्रिज्या ०.५ अंश. लंबन (पृथ्वीच्या फिरण्यामुळे ताऱ्याचं दिसणारं सरकणं; त्याचा व्यस्त म्हणजे अंतर), निजगतीचे (ताऱ्याच्या आकाशातल्या स्वतःच्या सरकण्याचे) दोन्ही घटक, जी प्रत (तेजाचा आकडा; तो जितका मोठा तितका तारा अंधुक), बीपी−आरपी रंग (निळ्या आणि लाल प्रतींतला फरक) आणि रूवे (मोजमाप एकट्या ताऱ्याच्या प्रारूपात किती नीट बसलं याचा आकडा) हे स्तंभ हवेतच, आणि त्यांच्या त्रुटींचे स्तंभही. ते विसरले की सगळी क्वेरी पुन्हा चालवावी लागते. पायथॉनमधून साधी क्वेरी केली तर ती २,००० ओळींवर मुकाट्याने थांबते. हातात मोजून २,००० ओळी आल्या तर खूश होऊ नका, असिंक्रोनस (सर्व्हरवर मागे चालणारी) क्वेरी चालवा.

आता निजगतीचा आलेख काढा, आडव्या अक्षावर विषुवांशातली आणि उभ्या अक्षावर क्रांतीतली. शून्याजवळ पार्श्वभूमीच्या ताऱ्यांचा पसरट ढग दिसेल आणि (−११.०, −२.९) मिलिआर्कसेकंद प्रतिवर्षाजवळ एक घट्ट ठिपका. तो ठिपका म्हणजे एम ६७. सदस्य निवडायला त्याभोवती वर्तुळ काढा, पण त्याची त्रिज्या डोळ्यांच्या अंदाजाने ठेवू नका. गुच्छातल्या ताऱ्यांचे आपापसातले वेग सेकंदाला १ किलोमीटरच्या आत आहेत. या अंतरावर ते जेमतेम ०.२ मिलिआर्कसेकंद प्रतिवर्ष दिसतात. उरलेला पसारा मोजमापाच्या त्रुटीचा, आणि ती प्रतीबरोबर वाढत जाते.

लंबनातही हेच. १५ व्या प्रतीला त्रुटी साधारण ०.०३ मिलिआर्कसेकंद, १७ व्या प्रतीला ०.०७, आणि २० व्या प्रतीला थेट ०.५. गुच्छाचं लंबन १.१५ च्या आसपास. म्हणून कुणी १.०५ ते १.२५ अशी सरसकट खिडकी ठेवतं. तेजस्वी तारे तीत नीट बसतात, अंधुक सदस्य मात्र त्रुटीमुळेच बाहेर पडतात. मग अहवालात लिहिलं जातं की एम ६७ मध्ये कमी वस्तुमानाचे तारे कमी आहेत. कदाचित असतीलही, पण हा आलेख तसं सांगत नाही. ती कात्री आपणच चालवलेली असते. प्रत्येक ताऱ्याच्या स्वतःच्या त्रुटीच्या तिप्पट मर्यादेत तपासावं.

अंतर काढताना प्रत्येक ताऱ्याच्या लंबनाचा व्यस्त काढून सरासरी घेऊ नका. आधी लंबनांची भारित सरासरी, मग व्यस्त. गायाची लंबनं मुळातच काही शतांश मिलिआर्कसेकंदांनी कमी येतात; ही शून्यदुरुस्ती करणारं पायथॉन पॅकेज तयार मिळतं. एम ६७ चं अंतर त्याने दोन-तीन टक्क्यांनी हलतं.

रंग-प्रत आलेख निघाला की त्यावर पार्सेक (इथे हे अंतराचं एकक नव्हे, ताऱ्यांच्या प्रारूपांचा संच) किंवा मिस्ट या संचाच्या समवयरेषा (एकाच वयाच्या ताऱ्यांच्या रेषा) ठेवा. वय लॉगमध्ये असतं: ९.६ म्हणजे सुमारे ४ अब्ज वर्षं. फिल्टर निवडताना गाया डीआर२ चे घेतले तर रेषा किंचित सरकते आणि विद्यार्थी वय बदलून ती 'बसवतात'. मुख्य क्रमाच्या (गाभ्यात हायड्रोजन जाळणाऱ्या ताऱ्यांच्या पट्ट्याच्या) वर ०.७५ प्रतीपर्यंत एक समांतर पट्टा दिसेल. ती चूक नव्हे, ते जोडतारे आहेत: सारख्या तेजाचे दोन तारे एकच ठिपका म्हणून मोजले की तेज नेमकं तेवढ्या प्रतीने वाढतं.

इथे रूवेचा प्रश्न येतो. १.४ च्या वरचे तारे काढून टाकावेत असा सल्ला सगळीकडे मिळतो, आणि अंतरासाठी तो बरोबरही आहे. पण रूवे वाढतो तो बऱ्याचदा ताऱ्याला जोडीदार असल्यामुळे. जोडताऱ्यांचा अभ्यास करणाऱ्याने हीच गाळणी लावली तर जे शोधायचंय तेच आधी फेकलं जातं. ब्लू स्ट्रॅगलरचंही तसंच. गुच्छातले बाकीचे तारे त्या वस्तुमानाला मुख्य क्रम सोडून गेलेले असताना हे मात्र वळणबिंदूच्या (जिथे बाकीचे तारे मुख्य क्रम सोडतात त्या जागेच्या) वर, निळ्या बाजूला रेंगाळतात. जोडीदाराकडून वस्तुमान ओरबाडून ते 'तरुण' झालेले असू शकतात. देणारा जोडीदार मागे श्वेतबटू (विझलेल्या ताऱ्याचा छोटा, तापलेला गाभा) होऊन उरतो, पण दृश्य प्रकाशात तो झाकला जातो.

तो पकडायला अतिनील हवा. ॲस्ट्रोसॅटवरच्या यूव्हिट या अतिनील उपकरणाच्या दोन ३७.५ सेंटिमीटर दुर्बिणी इथे कामाला येतात. एम ६७ मधल्या काही ब्लू स्ट्रॅगलरांचे श्वेतबटू जोडीदार भारतीय संशोधकांनी २०१९ मध्ये यूव्हिटच्याच निरीक्षणांतून दाखवले. नोंदी बेंगळुरूच्या आयएसएसडीसी या इस्रोच्या विदाकेंद्राच्या आर्काइव्हमधून मिळतात, आणि ॲस्ट्रोसॅटच्या वापरासाठी मदतकक्ष पुण्यातच, आयुकात आहे. नवख्याने लेव्हल २ च्या तयार प्रतिमा घ्याव्यात. लेव्हल १ मध्ये उपग्रहाचं डोलणं स्वतः दुरुस्त करावं लागतं, त्यात आठवडे जातात. निकट-अतिनील कॅमेरा २०१८ मध्ये बंद पडला, त्यामुळे नंतरच्या निरीक्षणांत तो शोधू नका. कॅमेरा सेकंदाला सुमारे २९ चौकटी घेऊन फोटॉन मोजतो. तेजस्वी ताऱ्याचे दोन फोटॉन एकाच चौकटीत आले की एकच मोजला जातो, म्हणून दुरुस्तीशिवाय तो खरा आहे त्यापेक्षा अंधुक निघतो. प्रतिमेतल्या जागा गायाशी ताडून घ्या, मग १.५ आर्कसेकंदांत जोड्या लावा.

पुढे गॅलेक्स (अतिनील), गाया, टूमास आणि वाईज (दोन्ही अवरक्त) यांची तेजं एकत्र करून व्होसा या ऑनलाइन साधनावर वर्णपटीय ऊर्जावितरण (कोणत्या तरंगलांबीला किती तेज ते) बसवा. धुळीने होणारी घट दूर-अतिनीलमध्ये दृश्य प्रकाशाच्या अडीचपटीच्या आसपास असते, ती विसरू नका. जादा अतिनील दिसला की लगेच श्वेतबटू जाहीर करू नये. ताऱ्याच्या वर्णावरणातली (पृष्ठभागावरच्या तप्त थरातली) हालचालही तसाच प्रकाश देते. चंद्रा आणि एक्सएमएम-न्यूटन या क्ष-किरण दुर्बिणींच्या यादीत तो तारा क्ष-किरणांत आहे का ते पाहा. जोडीदाराची त्रिज्याही तपासा: सूर्याच्या एक-शतांशाजवळ आली तर नेहमीचा श्वेतबटू, त्याच्या कित्येक पट मोठी आली तर फार कमी वस्तुमानाचा तरी, नाहीतर तुमची बसवणी चुकलेली.

शेवटच्या तक्त्यात एक स्तंभ जास्तीचा ठेवा. यूव्हिटचं क्षेत्र २८ आर्कमिनिटं व्यासाचं, तर आपली गायाची क्वेरी पूर्ण १ अंश व्यासाची. क्षेत्रात असून न दिसलेल्या ताऱ्यांना वरची मर्यादा द्या आणि क्षेत्राबाहेरच्यांपुढे 'निरीक्षण नाही' लिहा. परीक्षक पहिला प्रश्न बहुतेक यावरच विचारतात.