रायफलच्या नळीचं रस्ट ब्ल्यूइंग आणि पावसाळ्यातली निगा

पोलादी नळीवरचा निळसर काळा थर म्हणजे रंग नव्हे. तो लोखंडाचाच ऑक्साइड, मॅग्नेटाइट. नळीवर आधी मुद्दाम बारीक तांबडा गंज आणायचा आणि मग ती पाण्यात उकळायची. उकळत्या पाण्यात तो गंज काळा होतो आणि पोलादाला धरून बसतो. वरची काजळी पुसून पुन्हा तेच, असं सहा ते आठ वेळा. हेच रस्ट ब्ल्यूइंग.

कॉस्टिकच्या (कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाच्या) टाकीत साधारण १४० अंश सेल्सिअसवर होणारं गरम ब्ल्यूइंग अर्ध्या तासात उरकतं. पण दुनळीच्या नळ्या बहुधा कथलाच्या डाखाने जोडलेल्या असतात आणि कॉस्टिक तो डाख खाऊन टाकतं. तिथे रस्ट ब्ल्यूइंगच हवं. बाटलीतलं, न तापवता लावायचं कोल्ड ब्ल्यूइंग ओरखडे झाकण्यापुरतंच, हाताळणीत ते लवकर निघतं. स्टेनलेसच्या नळीवर यातलं काहीच नीट बसत नाही.

बंदुकीची दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडेच व्हावी, आणि नळीवरचा नंबर व शिक्के पुसट होता कामा नयेत. नंबर मिटवणं शस्त्र अधिनियम १९५९ नुसार गुन्हा आहे. कामाला हात घालण्याआधी बंदूक रिकामी आहे ना, हे डोळ्यांनी आणि बोटानेही तपासावं.

सगळ्यात जास्त वेळ पॉलिशला द्यावा. आधी २२० चा एमरी पेपर, मग ३२०, मग ४००. पेपरची पट्टी नळीभोवती घालून दोन्ही टोकांनी ओढायची, शेवटचा हात मात्र लांबीच्या दिशेने. आधीच्या पेपरचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा घेऊ नये. राहिलेला ओरखडा काळ्या थरात जास्तच उठून दिसतो. ४०० वर थांबावं. आरशासारख्या नळीवर गंज एकसारखा धरत नाही. पॉलिशचं चाक लावू नये, अक्षरांच्या कडा गोल होतात. नंबराजवळ पेपर लाकडाच्या सपाट तुकड्यावर गुंडाळून हलका हात फिरवावा.

मग अ‍ॅसिटोनने दोनदा पुसून घ्यावं. इथून पुढे नळीला उघडा हात लावायचा नाही, हातमोजे घालायचे. तेल गेलं की नाही ते पाणी सांगतं: नळीवरून डिस्टिल्ड वॉटर ओतलं की सलग पापुद्रा धरला पाहिजे. थेंब तुटले तर पुन्हा अ‍ॅसिटोन. तेलाचा एक ठसा राहिला तरी तिथे शेवटपर्यंत पांढुरका डाग राहतो.

दोन्ही तोंडांत निमुळत्या लाकडी गुट्ट्या घट्ट ठोकाव्यात, त्याच धरायला मुठीसारख्या कामी येतात. गुट्ट्या सागाच्या नकोत, सागातलं तेल उकळताना पाण्यात उतरतं. आतली हवा तापून फुगते आणि ढिली गुट्टी उडते, म्हणून नळीच्या तोंडासमोर उभं राहू नये.

रस्ट ब्ल्यूइंगचं, म्हणजे गंज आणणारं, तयार द्रावण कापसाच्या बोळ्यावर घ्यावं, बोळा जवळजवळ कोरडा होईपर्यंत पिळावा, आणि एका दमात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात मारावा. त्याच जागी परत फिरू नये. जास्त ओलं झालं की ओघळ येतात आणि तिथे तांबूस पट्टे उमटतात. मग नळी दमट जागी टांगावी. कोकणात जुलैत उघड्यावरसुद्धा दोन-तीन तासांत गंज येतो. देशावर एप्रिलच्या कोरड्या हवेत मात्र लाकडी पेटीत ओलं फडकं आणि खाली बल्ब ठेवावा लागतो. गंज मखमलीसारखा, हळदी-नारिंगी आणि एकसारखा दिसला की थांबायचं. दमट हवेत रात्रभर विसरलात तर खड्डे पडतात आणि काम पुन्हा २२० च्या पेपरवर येतं. या खोलीत दुसरी अवजारं ठेवू नयेत, द्रावणाच्या वाफेने तीही गंजतात.

उकळायला साध्या किंवा स्टेनलेस पत्र्याची लांब टाकी घ्यावी. जस्ताच्या पत्र्याची किंवा अ‍ॅल्युमिनियमची नको. टाकी १०० सेंमी लांब, १२ सेंमी रुंद असेल आणि पाणी १० सेंमी भरलं, तर १२ लिटर लागतं. पाणी डिस्टिल्डच घ्यावं, बॅटरीसाठी मिळतं ते चालतं; नळाच्या पाण्यातल्या क्षारांचे डाग बसतात. १५ मिनिटं खळखळून उकळू द्यावं. बाहेर काढल्यावर नळी काजळी फासल्यासारखी दिसते. ती ०००० नंबरच्या स्टील वुलने हलक्या हाताने काढावी. हे वुलही आधी अ‍ॅसिटोनमध्ये धुवावं, कारण कारखान्यातून ते तेल लागूनच येतं. पहिल्या फेरीनंतर रंग राखाडी आणि ठिगळांचा दिसतो, तेवढ्यावरून पॉलिश करून तो उतरवू नये. चौथ्या फेरीपर्यंत तो जुळून येतो.

शेवटच्या उकळीनंतर गुट्ट्या काढून नळी आतून कोरडी करावी आणि गरम असतानाच आतबाहेर गन ऑइल भरपूर चोळावं. २४ तास तशीच ठेवून मग पुसावी. हे टाळलं की आठवड्यात काळ्यावर तांबूस झाक येते.

हा थर फार पातळ आणि सच्छिद्र असतो, गंज अडवतं ते त्यात मुरलेलं तेल. म्हणून पावसाळ्यात दर आठ दिवसांनी, आणि हात लागला की त्याच दिवशी, तेलाचं फडकं फिरवावं. घामातलं मीठ बोटांच्या ठशांसकट गंज उठवतं. खोबरेल लावू नये, ते खवट होऊन आम्ल धरतं आणि चिकट होतं. चामड्याच्या किंवा फोमच्या म्यानात बंदूक महिनोन् महिने ठेवू नये, दोन्ही ओल धरतात. तोंडात कापसाचा बोळाही नको, आतली ओल बाहेर पडत नाही. कपाटात ओल शोषणारं सिलिका जेल ठेवावं आणि नळीचं तोंड खाली ठेवावं, म्हणजे तेल लाकडी दस्त्यात झिरपत नाही. जुनी लष्करी .३०३ काडतुसं वापरली असतील तर त्यांच्या प्रायमरमुळे (काडतुसाच्या बुडातल्या, दारू पेटवणाऱ्या भागामुळे) नळीत पोटॅशियम क्लोराइड उरतं. हे मीठ तेलात विरघळत नाही. त्याच दिवशी आधी गरम पाणी, मग कोरडं फडकं, मग तेल.