लाखाच्या पुढे गेलेल्या गाडीला नेमकी कोणती कामे करावीत?

माझी वॅगनआर 2011 सालची आहे आणि तिचे रनिंग आता 1,42,000 किलोमीटरच्या पुढे गेले आहे. गेल्या खेपेला सर्व्हिसिंगला टाकली, तेव्हा हातात पडलेल्या एस्टिमेटवर एकोणीस कामे लिहिलेली होती आणि बेरीज 46,000 रुपयांवर गेली होती. इंजिन फ्लश, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसीचे निर्जंतुकीकरण, चारही शॉक ॲब्सॉर्बर, पूर्ण क्लच सेट अशी ती यादी होती. मात्र चार वर्षे न बदललेल्या ब्रेक ऑइलचा तिच्यात उल्लेखसुद्धा नव्हता. त्या दिवशी केवळ ऑइल आणि फिल्टर बदलून गाडी घरी आणली, पुढचे दोन रविवार ती स्वतः तपासली आणि मग कामे ठरवली. त्या कामांना सुमारे 17,000 रुपये लागले, आणि त्यांतली निम्मी त्या एस्टिमेटवर नव्हतीच. जुनी गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाला ही निवड करता यावी, असे मला मनापासून वाटते, म्हणून पद्धत सविस्तर लिहितो.

सुरुवात गाडीपासून नव्हे, कागदांपासून करावी. गाडीबरोबर मिळालेल्या मॅन्युअलच्या शेवटी देखभालीचा तक्ता असतो आणि त्यात प्रत्येक कामापुढे किलोमीटर व महिने असे दोन आकडे दिलेले असतात. दोहोंपैकी जे आधी पूर्ण होईल ते धरायचे असते. जुन्या गाड्यांच्या बाबतीत नेमकी इथेच चूक होते, कारण या गाड्या बहुधा कमी फिरतात. वर्षाला चार हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीचा मालक ‘अजून दहा हजार कुठे झालेत’ असे म्हणत अडीच वर्षे तेच ऑइल ठेवतो. घरापासून मंडईपर्यंत आणि परत, एवढ्याच फेऱ्या होत असतील तर इंजिन पुरते तापतच नाही, ऑइलमध्ये साठलेला ओलावा उडून जात नाही आणि ऑइल किलोमीटरच्या हिशेबापेक्षा लवकर खराब होते. त्यामुळे कमी चालणाऱ्या गाडीला महिन्यांचा रकाना लागू करावा.

यानंतर एक साधी वही घ्यावी आणि जुन्या बिलांवरून कोणते काम कोणत्या तारखेला व किती किलोमीटरला झाले ते लिहून काढावे. गाडी सेकंडहँड घेतलेली असेल आणि बिले नसतील, तर ‘झाले असेल’ असे गृहीत धरू नये. अशा गाडीचे इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल, गिअर ऑइल आणि एअर फिल्टर एकदा बदलून घ्यावेत आणि तिथून मोजणी सुरू करावी. हा खर्च फार मोठा नसतो आणि पुढच्या सगळ्या निर्णयांना त्यामुळे आधार मिळतो.

याच टप्प्यावर इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची हालचाल जुळवून ठेवणारा टायमिंग बेल्ट आहे की टायमिंग चेन, हे निश्चित माहीत करून घ्यावे. मारुती 800, जुनी सॅन्ट्रो, इनोव्हाचे 2.5 लिटरचे डिझेल इंजिन यांत बेल्ट असतो. मारुतीच्या के-सीरिज पेट्रोल इंजिनांत आणि स्विफ्ट-डिझायरच्या 1.3 लिटर डिझेल इंजिनात चेन असते. बेल्ट रबराचा असल्यामुळे तो ठरलेल्या मुदतीत बदलावाच लागतो. तो तुटण्यापूर्वी सूचना देईलच असे नाही, आणि बहुतेक इंजिनांत तुटला की पिस्टन वर येऊन व्हॉल्व्हवर आदळतात व काही क्षणांत हेड उतरवण्याची वेळ येते. शेवटचा बेल्ट कधी बदलला हे सांगता येत नसेल, तर इतर सर्व कामे बाजूला ठेवून आधी ते करावे, आणि बेल्ट उघडलाच आहे तर टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) व वॉटर पंपही पाहून घ्यावेत. चेन मात्र किलोमीटर झाले म्हणून बदलायची नसते. सकाळी पहिल्यांदा इंजिन सुरू करताना पुढच्या बाजूने काही सेकंद खडखड ऐकू येऊ लागली, तर चेन किंवा तिचा टेन्शनर सैल झाल्याची शंका घ्यावी. चेनचे आयुष्य ऑइलवर अवलंबून असते, म्हणून ‘इंजिन जुने झाले, आता जाड ऑइल टाका’ हा सल्ला ऐकताना सावध राहावे. ज्या इंजिनाला 5डब्ल्यू-30 हे पातळ ऑइल सांगितले आहे त्यात 20डब्ल्यू-50 टाकल्याने आवाज थोडा दबतो, पण थंडीत सुरू करताना ते जाड ऑइल वरपर्यंत पोहोचायला उशीर लागतो आणि झीज त्याच वेळी होते.

थंड इंजिनावरची तपासणी

गाडी रात्रभर उभी असताना, सकाळी, सपाट जागेवर बॉनेट उघडावे. डिपस्टिक बाहेर काढून फडक्याने पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालून काढावी आणि ऑइल दोन खुणांच्या मध्ये कुठे आहे ते पाहावे. ऑइल काळे असणे हा दोष नव्हे, ते काळे होणारच. पण ते दुधाळ चहासारखे दिसले तर त्यात पाणी मिसळत आहे आणि गाडी तशीच चालवू नये. ऑइल किती खाते हे अंदाजाने न सांगता मोजावे. वरच्या खुणेपर्यंत भरावे, हजार किलोमीटर चालवावे आणि पुन्हा त्या खुणेपर्यंत आणायला किती लागले ते वहीत लिहावे. हजारामागे पाव लिटरपर्यंत लागत असेल, तर एवढ्या जुन्या इंजिनाला मी नुसते टॉपअप करत राहीन. अर्धा लिटर किंवा अधिक लागू लागले की कारण शोधावे. सकाळी सुरू करताच निळसर धूर येऊन बंद होत असेल तर बहुधा व्हॉल्व्ह सील कडक झालेली असतात. चढावर जोर देताना सतत निळा धूर येत असेल तर संशय पिस्टनच्या रिंगांवर जातो.

कोणी थेट ‘इंजिनाचे काम काढावे लागेल’ असे म्हणाले, तर आधी कॉम्प्रेशन टेस्टची मागणी करावी. प्रत्येक सिलिंडरचे प्रेशर मोजून आकडे लिहून घ्यावेत. एखाद्या सिलिंडरचे प्रेशर कमी आले, तर प्लगच्या छिद्रातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजतात. प्रेशर वाढले तर रिंगा झिजलेल्या असतात आणि न वाढल्यास व्हॉल्व्ह किंवा हेड गॅसकेटकडे पाहावे लागते. अर्ध्या तासाच्या या चाचणीशिवाय इंजिन उघडू देऊ नये.

कूलंटविषयी मी जास्त लिहितो, कारण त्याची किंमत मी मोजलेली आहे. बाटलीतली पातळी दर दोन महिन्यांनी बोटभर उतरत होती आणि मी दोन उन्हाळे तिच्यात बोअरचे पाणी ओतत राहिलो. मे महिन्यात खंबाटकी घाट चढताना इंजिन तापल्याचा लाल दिवा लागला. सुदैवाने ताबडतोब कडेला थांबलो आणि इंजिन बंद केले, त्यामुळे हेड वाचले. नंतर फिटरने टॉर्च मारून दाखवले, तेव्हा वॉटर पंपाच्या खालच्या कडेवर ओघळ वाळून पांढरी रेघ उमटलेली दिसली. ती रेघ किमान वर्षभर तिथे होती, आणि मी खाली वाकून पाहिले असते तर मलाही दिसली असती. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी रेडिएटरच्या बारीक नळ्या आतून जवळजवळ बुजवल्या होत्या. त्यामुळे पंपाबरोबर रेडिएटरही बदलावा लागला. बंदिस्त यंत्रणेतले कूलंट कमी होत असेल, तर ते कुठून तरी बाहेर पडत असते किंवा इंजिनात जळत असते. भरत राहणे हा त्यावरचा उपाय नाही. रबरी होज पाइप थंड असताना दाबून पाहावेत. ते क्लॅम्पजवळ फुगलेले, चिरलेले किंवा दगडासारखे कडक लागले तर किलोमीटर न पाहता बदलावेत, कारण रबर वयानेही संपते. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असते आणि उघडताच अंगावर उसळते.

ब्रेक, टायर आणि खालची बाजू

इथे पैसे वाचवण्याचा विचारच करू नये. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते आणि त्यामुळे त्याचा उकळण्याचा बिंदू उतरत जातो. डॉट 3 प्रकारच्या ताज्या ऑइलसाठी किमान 205 अंश सेल्सिअसची मर्यादा ठरलेली आहे आणि ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी ती 140 अंश आहे. सपाट रस्त्यावर हा फरक जाणवत नाही. पण आंबा घाट किंवा ताम्हिणी उतरताना सतत ब्रेक दाबल्याने ऑइल उकळले, तर पाइपात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजासारखे खाली जाते. म्हणून हे ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे, आणि घाट उतरताना खालच्या गिअरचा आधार घ्यावा. ब्रेक पॅड किती उरले आहेत ते चाक काढून पाहता येते. डिस्कच्या कडेवरून बोट फिरवले असता ठळक उंचवटा लागला, तर डिस्कची जाडी मोजून ती डिस्कवरच कोरलेल्या किमान मापाशी ताडून पाहावी. मागच्या ड्रममधले शूज आणि व्हील सिलिंडर मात्र उघडल्याशिवाय कळत नाहीत, म्हणून वर्षातून एकदा ड्रम उघडून साफ करून घ्यावेत.

टायरच्या कडेवर चार आकडी शिक्का असतो. 2319 असे लिहिले असेल तर तो टायर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला असतो. नक्षी 1.6 मिलिमीटरवर आली की, म्हणजे खाचेतल्या खुणेच्या उंबऱ्याला टेकली की, टायर संपला. पण जुन्या गाड्यांचे टायर पुष्कळदा नक्षी शिल्लक असतानाच कडेने चिरा पडून निकामी होतात. स्टेपनीचाही शिक्का वाचावा, कारण बऱ्याच गाड्यांत ती कारखान्यातून आलेलीच असते.

खड्ड्यांतून जाताना ‘टक्’ असा आवाज येतो, म्हणून चारही शॉक ॲब्सॉर्बर बदलण्याची घाई करू नये. एवढ्या रनिंगला असा आवाज अनेकदा स्टॅबिलायझर लिंक, लोअर आर्मचे बुश किंवा बॉल जॉइंट यांचा असतो आणि ते भाग तुलनेने स्वस्त असतात. शॉक ॲब्सॉर्बरच्या नळीवर ऑइल ओघळून धूळ चिकटलेली असेल, किंवा गाडीचा कोपरा दाबून सोडल्यावर ती दोन-तीनदा हेलकावत असेल, तरच ते बदलावेत, आणि बदलताना समोरची किंवा मागची जोडी एकदम बदलावी. चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवावे, मग डावी-उजवीकडे हलवावे. पहिल्या हालचालीत सैलपणा जाणवल्यास बेअरिंग किंवा बॉल जॉइंट आणि दुसऱ्या हालचालीतच जाणवल्यास टाय रॉड एंड तपासून घ्यावा. गाडी नुसत्या जॅकवर असताना तिच्याखाली कधीही जाऊ नये.

कोकणातल्या किंवा समुद्रालगतच्या गाड्यांच्या मालकांनी गंजाकडे इंजिनाइतकेच लक्ष द्यावे. दरवाजांच्या तळाशी असलेली पाणी जाण्याची छिद्रे काडीने मोकळी करावीत, कार्पेट उचलून पत्रा पाहावा आणि जॅक लावायच्या जागा दाबून पाहाव्यात. तिथला पत्रा आत दबत असेल, तर त्या गाडीच्या इंजिनावर मी मोठा खर्च करणार नाही.

काय नाकारावे आणि काय थांबवावे

इंजिन फ्लश मी जुन्या इंजिनाला करत नाही. वर्षानुवर्षे साठलेला गाळ एकदम सुटून ऑइलच्या जाळीत अडकण्याचा धोका मला न करण्याच्या तोट्यापेक्षा मोठा वाटतो. त्यापेक्षा पुढची दोन ऑइल पाच-पाच हजार किलोमीटरवर बदलावीत. इंजेक्टर किंवा थ्रॉटल बॉडी क्लीनिंग लक्षण असेल तरच करावे, म्हणजे इंजिन मिसिंग करत (अडखळत चालत) असेल किंवा आयडलिंगला बंद पडत असेल तर. क्लचची परीक्षा चढावर होते. चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज वाढतो आणि गाडी मात्र वेग घेत नाही, असे होत असेल तर प्लेट संपली आहे. तसे नसेल तर केवळ पेडल थोडे जड झाले म्हणून पूर्ण सेट टाकू नये. बॅटरीसाठी साधा मल्टिमीटर पुरतो. रात्रभर उभ्या गाडीत 12.6 व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना 13.8 ते 14.4 व्होल्ट दिसले, तर चार्जिंग नीट आहे आणि दोष दुसरीकडे शोधावा.

काम सांगताना ‘गाडी एकदा पूर्ण बघून घ्या’ असे म्हणू नये. काय होते, कधी होते, थंड असताना की गरम असताना, कोणत्या वेगाला, हे सांगावे आणि शक्य तर फिटरला शेजारी बसवून एक फेरी मारावी. काढलेले जुने भाग परत मागावेत. ब्रेक, बेल्ट, वॉटर पंप आणि सेन्सर यांच्यासाठी कंपनीचाच माल घ्यावा.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे ती पाच वर्षांसाठी वाढवून घेता येते आणि अर्ज मुदत संपण्यापूर्वी साठ दिवसांच्या आत करता येतो. त्या वेळी गाडी आरटीओच्या तपासणीतून जावी लागते आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. म्हणून गाडी चौदा वर्षांची झाली की मोठ्या कामांचा निर्णय नूतनीकरणाशी जोडून घ्यावा. पत्रा भक्कम आहे, कॉम्प्रेशन चांगले आहे आणि पुढची पाच वर्षे गाडी ठेवायची आहे, तर क्लच किंवा सस्पेन्शनचा खर्च साठ महिन्यांवर विभागून पाहावा. मी तसा विभागून पाहिला, नूतनीकरण करायचे ठरवले आणि वहीत पुढचे काम लिहिले: मागचे ड्रम उघडणे, पावसाळ्यापूर्वी.