कार्यकर्त्या इतिहासकाराची ट्रंक उघडण्याआधी

समाजशास्त्रज्ञ आणि कार्यकर्त्या गेल ऑम्वेट यांनी १९७३ साली अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठात पीएच.डी. केली ती पश्चिम भारतातल्या ब्राह्मणेतर चळवळीवर. पुढे सांगली जिल्ह्यातल्या कासेगावला राहून त्या दुष्काळग्रस्तांच्या, धरणग्रस्तांच्या, परित्यक्ता स्त्रियांच्या लढ्यांत उतरल्या. २०२१ साली त्या गेल्या. त्यांची पुस्तकं ग्रंथालयात मिळतात. पण असं आयुष्य जगलेल्या कुणाच्याही घरातली पत्रकं, वह्या, कॅसेट दुसरीकडे कुठेच नसतात. म्हणून अशा कुणाची कागदांची ट्रंक उघडताना घाई नको.

सगळ्यात मोठं नुकसान वाळवी करत नाही, आवराआवर करते. संशोधनाची टिपणं एकीकडे आणि मोर्च्याची पत्रकं दुसरीकडे लावली, की कोणतं टिपण कोणत्या लढ्यात लिहिलं गेलं हे कळायचा मार्गच संपतो. ट्रंकेतली प्रत्येक पिशवी जशी आहे तशीच ठेवा. आधी उघड्या ट्रंकेचा फोटो घ्या, मग वरून खाली जात प्रत्येक कागदाच्या मागच्या कोपऱ्यात मऊ शिसपेन्सिलीने क्रमांक घाला. पेन नको, शाई झिरपते. पत्रकावर बहुधा वार-तारीख असते, साल नसतं. ते अंदाजाने ठरवलं तर कागदांच्या यादीत लिहा, शेजारी ‘अंदाजे’ असं लिहा, मूळ कागदावर नको.

गंजलेली टाचणी ओढू नका, कागद फाटतो. टाचणी आणि कागद यांच्यामध्ये प्लॅस्टिकची पातळ पट्टी सरकवून टाचणी सैल करा. सेलोटेप आणि लॅमिनेशन अजिबात नको: टेपचा गोंद पिवळा पडून अक्षरांत उतरतो, लॅमिनेशन नंतर निघत नाही. वर्तमानपत्राच्या कात्रणांतलं आम्ल शेजारच्या पत्रावर तपकिरी डाग पाडतं, म्हणून कात्रण असेल तिथे दोन्ही बाजूंना आम्लरहित कागद घाला. भिजलेलं बाड उन्हात न घालता पंख्याखाली सावलीत वाळवा.

स्कॅन ३०० डीपीआयच्या (इंचामागे ठिपक्यांच्या) खाली नको, आणि कोऱ्या दिसणाऱ्या मागच्या बाजूचाही घ्या. पत्रकाच्या पाठीवर वर्गणीचा हिशोब असतो, सभेत बोलणाऱ्यांची नावं असतात, कधी पुढच्या लेखाचा पहिला परिच्छेदही असतो. कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन्ही कान (प्लॅस्टिकचे छोटे चौकोन) आधी मोडा, म्हणजे चुकून पुसली जाणार नाही. वाजवण्यापूर्वी एकदा पूर्ण पुढे-मागे गुंडाळून घ्या. संगणकावरची मूळ प्रत डब्ल्यूएव्ही या न दाबलेल्या ध्वनी-फाइलमध्ये, ऐकायला एमपी३. एकूण तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या गावी.

परित्यक्तांच्या जबान्या, भूमिगत कार्यकर्त्यांची पत्रं यांची वेगळी यादी करा. संबंधितांची किंवा त्यांच्या घरच्यांची लेखी संमती मिळेपर्यंत ती नेटवर टाकू नका.