फिटचा व्हिडिओ आधी, फिल्म नंतर

रेडिओलॉजीच्या रेसिडेन्सीचं पहिलं वर्ष. सात वर्षांच्या एका मुलाचा मेंदूचा एमआरआय मी ‘नॉर्मल’ लिहून मोकळी झाले. मागणीच्या कागदावर वय, मुलगा आणि ‘फिट्स’ एवढंच होतं. आठ महिन्यांनी तोच मुलगा परत आला. दोन औषधं पुरेशा डोसमध्ये देऊनही रात्री झोपेत तीन-चार फिट्स येतच होत्या.

या वेळी आमच्या सिनियर मॅडमनी स्क्रीनकडे बघण्याआधी त्याच्या आईला आत बोलावलं. “फिट सुरू होते तेव्हा सगळ्यात आधी काय होतं?” आईने मोबाइल पुढे केला. व्हिडिओत डावा हात ताठ होऊन वर जातो, मान डावीकडे वळते आणि वीसेक सेकंदांत सगळं संपून पोरगं आईकडे बघायला लागतं. मॅडम म्हणाल्या, “उजवा फ्रंटल बघ.” म्हणजे मेंदूचा उजवीकडचा पुढचा भाग, कारण डावा हात मेंदूची उजवी बाजू चालवते. नव्या स्कॅनमध्ये तिथेच एका सल्कसच्या (मेंदूच्या घड्यांमधल्या खाचेच्या) तळाशी कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूचा बाहेरचा थर, किंचित जाड होता, मेंदूच्या ग्रे (करड्या) आणि व्हाइट (पांढऱ्या) भागांमधली सीमा पुसट झाली होती आणि तिथून व्हेंट्रिकलकडे (मेंदूतल्या द्रवाच्या पोकळीकडे) निमुळती होत गेलेली एक पांढुरकी रेघ फ्लेअर या प्रकारच्या एमआरआय प्रतिमेवर दिसत होती. फोकल कॉर्टिकल डिस्प्लेजिया, म्हणजे कॉर्टेक्सच्या एका तुकड्याची जन्मापासूनची सदोष घडण. जुना स्कॅन काढला, तर पाच मिलिमीटरच्या एका कटमध्ये तोही अर्धवट सापडला. तेव्हा मी कुठे बघायचं हेच विचारलं नव्हतं.

या पोस्टिंगला नव्याने येणाऱ्यांना म्हणूनच सांगते, फिट कशी सुरू होते ते विचारल्याशिवाय फिल्म वाचू नका. ईईजीचा (मेंदूतल्या विद्युत लहरींच्या तपासणीचा) कागदही मागून घ्या. आईला ‘आकडी’, ‘झटका’, ‘फेफरं’ यांतला जो शब्द सवयीचा असेल, तोच वापरा. ‘सीझर’ म्हटलं की काही जणींना सिझेरियनच आठवतं.

दुसरी गोष्ट प्रोटोकॉलची, म्हणजे स्कॅन कसा घ्यायचा याच्या ठरलेल्या पद्धतीची. डोकेदुखीसाठी करतो तो नेहमीचा ब्रेन एमआरआय इथे पुरत नाही. इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सीच्या इमेजिंग गटाने 2019 मध्ये ‘हार्नेस’ नावाचा प्रोटोकॉल सुचवला. त्यात एक मिलिमीटरचा थ्रीडी टी-वन, तसाच थ्रीडी फ्लेअर आणि हिप्पोकॅम्पसच्या (आठवणींशी संबंधित, मेंदूच्या आतल्या भागाच्या) लांबीला काटकोनात घेतलेला कॉरोनल (समोरून बघितल्यासारखा उभा काप) टी-टू असे तीनच मुख्य सिक्वेन्स, म्हणजे प्रतिमांचे प्रकार आहेत. कॉरोनलचा कोन चुकला तर एका बाजूचा हिप्पोकॅम्पस उगाचच लहान दिसतो, म्हणून प्लॅनिंगच्या वेळी कन्सोलपाशी उभे राहा.

तान्ह्यांचं गणित वेगळं. साधारण सहा महिने ते दोन वर्षं या काळात मायलिनेशन (मज्जातंतूंवर आवरण चढणं) अर्धवट असतं, ग्रे-व्हाइटमधला फरक पुसट होतो आणि डिस्प्लेजिया त्यात सहज लपून जातो. या वयातल्या रिपोर्टमध्ये ‘नॉर्मल’वर थांबू नका. फिट्स चालूच राहिल्या तर दोन-अडीच वर्षांनंतर पुन्हा स्कॅन करा, असंही लिहा. वेस्ट सिंड्रोमचं (तान्ह्यांमधल्या एका गंभीर फिटच्या आजाराचं) बाळ व्हिगाबॅट्रिन या फिटच्या औषधावर असेल तर थॅलॅमस आणि बेसल गँग्लिया या मेंदूच्या खोलवरच्या भागांत दोन्हीकडे सारखे बदल दिसू शकतात. ते बहुतेकदा औषधाचे असतात आणि औषध कमी-बंद केलं की जातात. मी एकदा त्यावरून मेटाबॉलिक आजारांची लांबलचक यादी लिहून पेडिॲट्रिक्सवाल्यांची झोप उडवली होती.

स्कॅनच्या आधीची तयारी आपलं काम नाही असं समजू नका. फिट येणाऱ्या मुलाच्या अंगावर धातू असणारच असं मी धरून चालते. करदोट्यात ओवलेला ताईत, झबल्याच्या आत सेफ्टी पिन, आणि फिट आली तर हातात द्यायला म्हणून आजीच्या कनवटीला लोखंडी किल्ली. (किल्लीने फिट थांबत नाही, ती आपोआपच थांबते. पण हे आजीला मॅग्नेटच्या दारात उभं राहून समजावू नये, नंतर निवांत सांगावं.) भुलेसाठी उपाशी ठेवायचं म्हणून सकाळचं फिटचं औषधही चुकवलं जातं आणि मग पोराला टेबलावरच फिट येते. असं मी दोनदा पाहिलंय. औषध घोटभर पाण्याबरोबर द्यायचंच, हे भूलतज्ज्ञांना विचारून अपॉइंटमेंटच्या चिठ्ठीवरच लिहून द्या.

आपल्याकडे आणखी एक निदान वरचेवर भेटतं, न्यूरोसिस्टिसर्कोसिस, म्हणजे डुकराच्या मांसाशी जोडल्या जाणाऱ्या फीतकृमीच्या अळीची मेंदूतली गाठ. छोटी गोल कड, आत ठिपक्यासारखा स्कोलेक्स (कृमीचं डोकं). शेजारी टीबीची गाठ हा पर्याय कायम मनात असू द्या. कॅल्सिफिकेशन बघायचं असेल तर सीटी सरस. “आम्ही माळकरी, मांसाला शिवत नाही, मग हे कसं?” हा प्रश्न ठरलेला. फीतकृमी असलेल्या माणसाच्या विष्ठेतली अंडी न धुतलेल्या भाजीतून, पाण्यातून, हातांतून पोटात जातात, एवढं सांगितलं की घरच्यांच्या चेहऱ्यावरचा अपराधीपणा उतरतो.

प्रत्येकाला एमआरआय लागतोच असंही नाही. साधी तापातली आकडी किंवा ईईजीसकट ठरावीक चित्र असलेली ॲबसेन्स एपिलेप्सी (काही सेकंद एकटक बघत राहण्याच्या फिट्स) असेल तर स्कॅनने सहसा काही हाती लागत नाही. उलट ‘नॉर्मल’ रिपोर्ट हातात पडला की घरचे औषध बंद करतात. म्हणून ‘नॉर्मल’ लिहिलं तरी औषध आपल्या मनाने थांबवायचं नाही, हे तोंडी सांगून ठेवते.

त्या मुलाचं पुढे सर्जरीच्या मीटिंगमध्ये ठरलं. व्हिडिओ ईईजी, एमआरआय आणि पेट स्कॅनमधला ग्लुकोज कमी घेणारा भाग, तिन्ही एकाच जागी आले होते. प्रश्न होता तो हाताची हालचाल चालवणारा भाग तिथून किती लांब आहे, याचा. त्यासाठी फंक्शनल एमआरआय, म्हणजे हालचाल करताना मेंदूचा कोणता भाग काम करतो ते दाखवणारा स्कॅन. आमच्या टेक्निशियन दादांनी त्याला बाहेर बाकावर बसवून डाव्या हाताची बोटं अंगठ्याला टेकवायचा सराव करून घेतला. ‘चालू’ म्हटलं की टेकवायची, ‘थांब’ म्हटलं की थांबायचं. बाकावर अगदी फर्स्ट क्लास केलं. आत गेल्यावर खडखडाट सुरू झाला आणि तिसऱ्या मिनिटाला पोरगं गाढ झोपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नाष्टा करून परत बोलावलं.