लायसन्स एमएच-१५चं, विमा ब्रिटनचा: निघण्याआधीची तयारी

धाकट्या जावेचा ब्रिटनचा डिपेंडंट व्हिसा (नवऱ्यासोबत राहायला जाण्याचा) आला त्या रविवारी दिरांनी सामानाची यादी काढली: कुकर, पोळपाट, गोडा मसाला, दोन जाड स्वेटर. मी विचारलं, "आणि लायसन्सची फाइल?" ते म्हणाले, "वहिनी, विम्याचं तिकडे गेल्यावर बघू की. गाडी तरी कुठे घेतलीय अजून?" मी त्यांना तिथेच थांबवलं. आम्हीही निघताना असंच म्हणालो होतो. माझं नाव नवऱ्याच्या पॉलिसीवर चढवायचा आकडा समोर आला, तो त्याच्या एकट्याच्या हप्त्याच्या दुपटीहून जास्त होता. म्हटलं, थोडं थांबू, उतरेल. थांबता थांबता वर्ष उलटलं आणि माझं लायसन्स तिथे चालायची मुदतही संपली. हप्ता खाली आणणारे बरेचसे कागद इथे नाशकातच मिळतात. एकदा विमानात बसलं की त्यांच्यासाठी सासऱ्यांना पेठ रोडच्या आरटीओत हेलपाटे घालावे लागतात.

आधी गोम कुठे आहे ते सांगते. आपल्याकडे विमा गाडीचा असतो. वैध लायसन्स असलेलं घरातलं कोणीही मालकाच्या परवानगीने चालवू शकतं, पॉलिसीवर सगळ्यांची नावं नसतात. ब्रिटनमध्ये पॉलिसीवर चालवणाऱ्यांची नावं लागतात आणि प्रत्येकाचं वय, लायसन्स, किती वर्षं चालवतो, अपघात किती, हे बघून हप्ता ठरतो. मी इंदिरानगरहून कॉलेज रोडला रोज गाडी नेत होते, मुंबई नाक्याची संध्याकाळची गर्दी पाठ होती, कसारा घाट पावसात उतरले होते. पण गाडी सासऱ्यांच्या नावावर, पॉलिसी त्यांच्या नावावर आणि ५० टक्क्यांचा नो क्लेम बोनसही (एनसीबी, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) त्यांचाच. ब्रिटनमधल्या विमा कंपनीच्या फोनवरच्या बाईंनी विचारलं, तुमच्या स्वतःच्या नावावर क्लेम न घेतलेली किती वर्षं? माझ्याकडे शून्य हेच उत्तर होतं. नऊ वर्षं चालवल्याचा एक कागद नव्हता.

म्हणून पहिलं काम हेच. जायला वर्ष-दीड वर्ष हातात असेल आणि घरातली गाडी मुख्यतः सूनबाईच चालवत असेल, तर ती गाडी तिच्या नावावर करा. मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि ३०, गाडीवर कर्ज असेल तर बँकेची एनओसी, आणि आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, बदललं की लगेच विमाही तिच्या नावावर. जुना एनसीबी तिला मिळत नाही, कारण तो गाडीचा नसून पॉलिसीधारकाचा असतो. क्लेमशिवाय पहिलं वर्ष पूर्ण झालं की तिचा स्वतःचा २० टक्क्यांपासून सुरू होतो, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५०. जायला तीनच महिने उरले असतील तर या भानगडीत पडू नका, हाती काही लागणार नाही. पण तिच्या नावावर आधीपासून गाडी असेल तर जपा: पॉलिसीची मुदत संपून ९० दिवसांत नूतनीकरण झालं नाही तर एनसीबी जातो. गाडी विकून जाणार असाल तर विमा कंपनीकडून एनसीबीचं पत्र मागून घ्या, ते इथे तीन वर्षं चालतं. परत आल्यावरही कामाचं.

कंपनीकडून आणखी एक पत्र घ्या, लेटरहेडवर, सही-शिक्क्याचं. त्यात तिचं पासपोर्टवरचं नाव, गाडीचा नंबर, विमा कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत होता आणि त्या काळात क्लेम नाही, एवढं स्पष्ट हवं. नुसतं '५० टक्के' लिहिलेलं तिथे कळत नाही, त्यांचा हिशेब वर्षांत चालतो. ब्रिटनमधल्या सगळ्या कंपन्या भारतातली वर्षं धरत नाहीत, काहीच धरतात. पण जी धरते ती कागद मागते. बहुतेक ठिकाणी दोन वर्षांपेक्षा जुना पुरावा चालत नाही, म्हणून पत्र निघायच्या महिन्यातलं असावं.

आता लायसन्स. जावेचं कार्ड टेबलावर ठेवलं आणि तिला नंबर वाचायला सांगितला. एमएच, मग १५, मग चार आकडे: २०१४. ते पहिल्यांदा लायसन्स निघाल्याचं वर्ष. ती म्हणाली, "ताई, एवढी वर्षं पर्समध्ये आहे, कधी बघितलंच नाही मी." किती वर्षं चालवता, या प्रश्नाचं उत्तर या चार आकड्यांत आहे. मात्र कार्ड नूतनीकरणाचं असलं की त्यावरची नवी तारीख बघून समोरचा तुम्हाला नवशिक्या समजू शकतो. त्यासाठी आरटीओतून लायसन्सचा उतारा काढा. लायसन्सच्या सरकारी सारथी पोर्टलवर त्याला डीएल एक्स्ट्रॅक्ट म्हणतात. ज्यांचं लायसन्स अजून जुन्या पुस्तकाच्या रूपात आहे, त्यांनी ते आधी ऑनलाइन नोंदीत आणून स्मार्ट कार्ड घ्यावं, याला वेळ लागतो. मुदत वर्षभरात संपत असेल तर इथूनच नूतनीकरण करून जा. मुदत संपलेलं कार्ड तिथे काहीच कामाचं नाही, आणि मुदत संपून एक वर्षही उलटलं तर परत आल्यावर पुन्हा चाचणी.

आपल्याकडच्या बायकांची खरी अडचण नावाची. लायसन्स लग्नाआधीचं, मधलं नाव वडिलांचं, आडनाव माहेरचं. पासपोर्ट लग्नानंतरचा, मधलं नाव नवऱ्याचं, आडनाव सासरचं. आपल्याला यात वावगं काही वाटत नाही, पण परदेशातल्या कारकुनाला त्या दोन वेगळ्या बायका दिसतात. माझ्या बाबतीत एका विमा कंपनीने याच कारणाने पॉलिसी दोन आठवडे अडवून ठेवली होती. म्हणून लायसन्सवरचं नाव पासपोर्टशी जुळवून घ्या आणि महापालिकेकडचा विवाह नोंदणी दाखला, इंग्रजी मजकुरासह, मूळ प्रत सोबत न्या. ज्यांनी माहेरचंच नाव ठेवलंय त्यांचं हे काम वाचलं.

आंतरराष्ट्रीय परवाना, म्हणजे आयडीपी, फॉर्म ४एने आरटीओत मिळतो, फी १००० रुपये, मुदत एक वर्ष. युरोपात फिरणार असाल तर घ्या. त्याने विम्याचा हप्ता एक पैनेही उतरत नाही.

तिकडे पोहोचल्यावर घड्याळ सुरू होतं. ब्रिटनमध्ये राहायला आल्यापासून भारतीय लायसन्सवर १२ महिने गाडी चालवता येते. ते तिथल्या लायसन्सशी बदलून मिळत नाही, त्यानंतर परीक्षा द्यावीच लागते. दुबईहून जाणाऱ्यांचं वेगळं: तिथे परीक्षा देऊन मिळवलेलं अमिरातीचं लायसन्स २०२१पासून बदलून मिळतं. आपल्यासाठी क्रम असा: घराचा पत्ता पक्का झाला की प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ, लायसन्सचा ऑनलाइन अर्ज, ३४ पौंड. मग थिअरी, म्हणजे नियमांची परीक्षा, २३ पौंड, ५० प्रश्नांपैकी ४३ बरोबर हवेत, शिवाय रस्त्यावरचे धोके ओळखायची व्हिडिओ चाचणी. मग प्रत्यक्ष चाचणी, आठवड्यातल्या दिवशी ६२ पौंड. चाचणीची तारीख मिळायला कित्येक महिने लागतात, म्हणून पहिल्या दोन महिन्यांत थिअरी उरका. १२ महिने उलटले की एल-प्लेट, म्हणजे शिकाऊची 'एल' पाटी, लावून शेजारी अनुभवी माणूस बसवावा लागतो, आणि त्याचं वय किमान २१ आणि पूर्ण लायसन्स किमान तीन वर्षांचं हवं. नवरा नुकताच पास झाला असेल तर तो शेजारी बसून चालत नाही. मी यातच अडकले आणि तासाचे पैसे मोजून शिक्षक लावला. पास झाल्याचं विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा, हप्ता नव्याने मोजायला सांगा.

गाडी घेण्याआधी कोट, म्हणजे विमा कंपनीने सांगितलेला हप्त्याचा आकडा, काढा, नंतर नव्हे. विकायला असलेल्या गाडीचा नंबर तुलना करणाऱ्या साइटवर टाकला की हप्ता दिसतो. लहान इंजिनाची हॅचबॅक आणि थोडी मोठी गाडी यांच्या हप्त्यात एवढा फरक निघतो की स्वस्तात मिळालेली मोठी गाडी महाग पडते. दोन-तीन साइट बघा. नुसत्या थर्ड पार्टीपेक्षा (फक्त दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा) कॉम्प्रिहेन्सिव्ह (आपल्या गाडीचंही नुकसान धरणारा) कधी कधी स्वस्त मिळतो, तोही तपासा. विमा सुरू व्हायच्या तीन-चार आठवडे आधीचा कोट सहसा आदल्या दिवशीच्या कोटपेक्षा कमी असतो. पैसे वर्षाचे एकदम भरता आले तर भरा, मासिक हप्त्यांवर बहुधा व्याज लागतं. व्यवसायाच्या रकान्यात 'बेरोजगार' आणि 'गृहिणी' या दोन वेगळ्या नोंदी आहेत, खरी असेल ती निवडा, आकडा बदलतो. बायकोला नेम्ड ड्रायव्हर, म्हणजे नवऱ्याच्या पॉलिसीवरची जादा चालक, म्हणून आधी घाला, मग उलट करून बघा, आणि दोघांपैकी एकट्याचाही कोट काढा. नवऱ्याला अनुभव जास्त असेल तर त्याचं नाव सोबत घातल्याने तिचा हप्ता बऱ्याचदा उतरतो. ब्लॅक बॉक्स, म्हणजे चालवण्यावर नजर ठेवणारं यंत्र, नव्यांसाठी फायद्याचं ठरू शकतं, पण रात्रपाळी असेल तर अटी नीट वाचा.

मात्र एक गोष्ट कोणी कितीही सांगितली तरी करू नका. गाडी रोज ती चालवणार आणि मुख्य चालक म्हणून त्याचं नाव लिहायचं, हप्ता वाचवायला. याला तिथे फ्रंटिंग म्हणतात आणि ती फसवणूक धरली जाते. क्लेमच्या वेळी उघडं पडलं की पॉलिसीच रद्द. विमा नसताना पकडलं तर ३०० पौंड दंड आणि लायसन्सवर ६ पॉइंट (गुन्ह्याबद्दल नोंदले जाणारे दंडाचे गुण), गाडीही जप्त होऊ शकते. पहिली परीक्षा पास होऊन दोन वर्षं झाली नसतील तर ६ पॉइंटला लायसन्सच रद्द होतं आणि थिअरीपासून पुन्हा सुरुवात. एवढ्या कष्टाने मिळवलेलं लायसन्स असं जायला नको, हे मी मनापासून सांगते. तसंच व्हॉट्सॲप ग्रुपवर 'आपल्या लोकांसाठी अर्ध्या किमतीत' विमा काढून देणारा कोणी भेटला तर त्याला पैसे देऊ नका. खोटी पॉलिसी विकणारे तिथे नव्यांनाच गाठतात. विकणाऱ्याचं नाव एफसीएच्या, म्हणजे तिथल्या वित्तीय नियामक संस्थेच्या, रजिस्टरवर आहे का, ते आधी शोधा.

जावेची फाइल आता तयार आहे: उतारा, क्लेम नसल्याचं पत्र, विवाहाचा दाखला, जुन्या पॉलिसींच्या प्रती, सगळ्याचं स्कॅन दोघांच्या मेलवर. ती १४ तारखेला उतरणार. फाइलच्या आतल्या बाजूला तिने पेनाने पुढच्या वर्षीची १४ तारीख लिहिली, आणि तिच्या खाली माझ्याकडून विचारून दुसरी, थिअरीची, दोन महिन्यांनंतरची.