प्रबंधासाठी नशेच्या बातम्या मोजताय? आधी पोलिसांचे छापे मोजा

एम.ए.च्या प्रबंधाला 'मुंबईतली वर्तमानपत्रं आणि अमली पदार्थ' असा विषय घेतला असेल, तर आधीच बजावते: बातम्या वाढल्या म्हणून व्यसन वाढलं असं लिहू नका. माझं अख्खं एक प्रकरण यात वाया गेलं.

दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात बसून मी बातम्या मोजत होते. एका महिन्यात आकडा एकदम चढला आणि मी बेधडक लिहिलं, 'शहरात एमडीची लाट' (एमडी म्हणजे मेफेड्रोन, एक अमली पदार्थ). माझ्या मार्गदर्शक बाईंनी समासात एवढंच विचारलं, 'छापे किती?' वही परत उघडली. छापा एकच. पहिल्या दिवशी जप्ती, दुसऱ्या दिवशी कोठडी, मग आणखी एकाला अटक, मग जामीन फेटाळला. मी चार धरल्या होत्या. उलट गणपतीत पोलीस बंदोबस्ताला जुंपले की जप्तीच्या बातम्या आटतात. म्हणून कुणाची नशा सुटत नाही. तेव्हा छापे वेगळे काढा आणि प्रत्येक बातमीत बोलतंय कोण ते टिपा: पोलीस, डॉक्टर की घरचे. माझ्याकडे घरचे जवळजवळ नव्हतेच.

घाबरू नका, खरा विषय इथेच हाती लागतो: बातमीत कोण बोलतंय आणि त्यातून पुढे काय घडतं. 1986 हे एकच साल घ्या. जूनमध्ये अमेरिकेत लेन बायस हा बास्केटबॉलपटू कोकेनने गेला, बातम्यांचा भडका उडाला आणि ऑक्टोबरमध्ये कायदा आला. 5 ग्रॅम क्रॅकला, म्हणजे ओढायच्या खड्यांच्या रूपातल्या कोकेनला, किमान 5 वर्षं कैद. तेवढ्याच शिक्षेला कोकेनची पूड मात्र 500 ग्रॅम लागायची. भरडले गेले मुख्यतः कृष्णवर्णीय. हे प्रमाण बदलायला 2010 उजाडलं. त्याच 1986मध्ये डॉ. अनिल अवचटांचं गर्दवरचं, म्हणजे ब्राउन शुगर या अशुद्ध हेरॉइनवरचं, लेखन वाचून पुलं आणि सुनीताबाई मदतीला पुढे आले, आणि ऑगस्टमध्ये पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. अवचट व्यसनी मुलांशी, त्यांच्या घरच्यांशी बोलले होते.

संगणकावर 'ड्रग्ज' टाकून शोधायचा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही. ऐंशीच्या दशकातल्या बातम्यांत 'गर्द' आणि 'ब्राउन शुगर' आहे. आणि 'गर्दुल्ला'. तो शब्द मला अजून टोचतो. माणसाचं नाव, वय, घर सगळं त्यात पुसलं जातं.

शेवटी एक रकाना जरूर ठेवा. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम 64-अ नुसार थोडा माल सापडलेला व्यसनी स्वतःहून उपचाराला गेला, तर त्याच्यावरचा खटला टळू शकतो. हे किती बातम्यांत येतं ते मोजा. माझ्या वहीत तो रकाना कोराच आहे.